टायरवरची अक्षरे

गेल्या हिवाळ्यात आमच्या घरातली एक बारात जालन्याहून नागपूरला निघायची होती. फजरची नमाज झाली, चहा झाला, डिकीत जोडे, शेरवानी, मिठाईचे खोके भरून झाले. तीन गाड्या होत्या. त्यातली एक माझ्या बहिणीच्या मुलाची, सात सीटची. त्याने दोनच महिन्यांपूर्वी तिला नवे अलॉय आणि रुंद टायर बसवले होते. चकचकीत काळी चाके, त्यात पातळ टायर. पोरे तिच्याभोवती फोटो काढत होती.

भाड्याच्या गाडीचे चालक म्हणून आलेले चाचा पन्नाशीच्या पुढचे. अठरा वर्षे सौदी आणि दुबईत गाडी चालवून परत आलेले. ते सहज त्या गाडीभोवती फिरले, मग उकिडवे बसले, चष्मा वर करून टायरच्या बाजूवरचे बारीक अक्षर वाचू लागले. उठले आणि माझ्या भाच्याला हळूच म्हणाले, "बेटा, ह्या गाडीत सात माणसं आणि हे सामान नको. चारच बसू दे. बाकीचे माझ्या गाडीत आणि मोठ्या गाडीत."

भाच्याला राग आला. त्याचे म्हणणे साधे होते. हे 'हाय परफॉर्मन्स' टायर आहेत, कंपनीच्या टायरपेक्षा दुप्पट महाग, २७० च्या वेगाला पास झालेले. आपण तर १२० ने जाणार.

"वेगाला पास आहेत बेटा," चाचा म्हणाले, "वजनाला नाहीत."

त्या दिवशी बसायची जागा बदलली, थोडी कुरकुर झाली, बारात वेळेवर पोहोचली. पण चाचांचे ते वाक्य माझ्या डोक्यात राहिले. मी भाषा शिकवते. आयुष्यभर मुलांना अक्षर ओळखायला शिकवले आणि ज्या वस्तूवर माझे सगळे कुटुंब बसून समृद्धी महामार्गाने साडेतीनशे किलोमीटर गेले, तिच्यावरचे एक अक्षर मला वाचता येत नव्हते. म्हणून पुढच्या महिन्यांत जो चालक भेटेल त्याला, पंक्चरवाल्याला, टायरच्या दुकानदाराला विचारत गेले. आपल्या समाजात या धंद्यातली माणसे शोधावी लागत नाहीत. प्रत्येक मोहल्ल्यात एखादे पंक्चरचे दुकान, प्रत्येक खानदानात एखादा चालक असतोच.

आधी ती अक्षरे काय सांगतात ते पाहू. भाच्याच्या गाडीचा मूळ टायर होता १८५/६५ आर १५, ८८ एच. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के. १८५ चे ६५ टक्के म्हणजे सुमारे १२० मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल, आणि १५ इंचाची रिम. शेवटचा ८८ हा वजनाचा सांकेतिक आकडा. तो किलो नव्हे, तक्त्यातला क्रमांक. ८८ म्हणजे एक टायर जास्तीत जास्त ५६० किलो पेलतो. आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. टी असेल तर १९०, व्ही असेल तर २४०, डब्ल्यू २७०, वाय ३००.

भाच्याने बसवलेला टायर होता २०५/४५ आर १७, ८४ डब्ल्यू. रिम दोन इंचांनी मोठी, टायर रुंद, एकूण चाकाचा घेर जवळपास तेवढाच. म्हणजे दुकानदाराने घेराचा हिशोब बरोबर केला होता. पण भिंत १२० वरून ९२ मिलिमीटरवर आली. आणि ८४ चा अर्थ ५०० किलो. प्रत्येक चाकामागे ६० किलो क्षमता कमी झाली, चार चाकांची मिळून २४०. सात सीटच्या गाडीत हे म्हणजे तीन माणसांचे वजन. चाचांनी चारच माणसे बसवा म्हटले ते अंदाजाने नव्हते.

याच मापात वजनदार बांधणीचा, ८८ क्रमांकाचा टायरही मिळतो. त्यावर 'एक्स्ट्रा लोड' किंवा नुसते 'एक्सएल' लिहिलेले असते आणि पूर्ण वजन पेलायला त्यात हवाही जास्त लागते. पण दुकानात कोणी ते विचारले नाही, कोणी सांगितले नाही. भाच्याने वेगाचे अक्षर पाहिले, कारण तेच ऐटीचे असते.

हे जोरदार टायर वाईट असतात असे मात्र मला कोणीही म्हटले नाही, हे नोंदवायला हवे. पुण्याहून नियमित लांबचा प्रवास करणारे एक नातेवाईक आहेत, स्वतःच्या मोठ्या सेडानला त्यांनी व्ही वर्गाचे चांगले टायर घातले. त्यांचा अनुभव असा की पावसात ब्रेक लावल्यावर गाडी 'जमिनीला चिकटते'. वळणावर पूर्वी जी गाडी किंचित तरंगल्यासारखी वाटायची ती आता स्टिअरिंग फिरवताक्षणी वळते. हे खरे आहे आणि त्याला कारण आहे. अशा टायरचे रबर मऊ असते, त्यात सिलिका मिसळलेली असते, भिंत कडक असते आणि पाणी बाहेर फेकण्यासाठी रुंद चऱ्या असतात. मऊ रबर रस्त्याच्या खडबडीत पृष्ठभागात शिरून पकड घेते.

पण मऊ रबर लवकर झिजते. त्याच नातेवाइकांचे आधीचे टायर पन्नास हजार किलोमीटर चालले होते, हे तीस हजारांतच बदलावे लागले. अनेक टायरवर 'ट्रेडवेअर' असा शब्द आणि पुढे आकडा असतो. तो जितका मोठा तितका टायर जास्त टिकणारा. जोरदार टायरवर तो दोनशे-तीनशेच्या घरात दिसतो, टिकाऊ टायरवर चारशे किंवा पुढे. पकड आणि टिकाऊपणा दोन्ही एकाच रबरात पूर्णपणे मिळत नाही. एक वाढवले की दुसऱ्यातून थोडे द्यावे लागते.

टूरिस्ट गाड्या चालवणाऱ्यांचे गणित नेमके उलटे. एका चालकाने मला मोकळेपणाने सांगितले की तो सर्वांत कडक, सर्वांत टिकाऊ टायर घेतो, कारण महिन्याला सहा-सात हजार किलोमीटर होतात आणि मालक टायरचे पैसे मोजून देतो. "मॅडम, पहिल्या पावसात गाडी साबणावर चालल्यासारखी वाटते. आम्ही वेग कमी करतो, दुसरं काय?" त्याच्या या 'वेग कमी करतो' मध्ये मला त्या महाग टायरपेक्षा जास्त सुरक्षितता दिसली, हे माझे मत.

आणि आपले खड्डे! पातळ भिंतीच्या टायरची खरी परीक्षा महामार्गावर होत नाही, महामार्गापर्यंत पोहोचणाऱ्या रस्त्यावर होते. भिंत उंच असली की खड्ड्याचा धक्का ती दाबून घेते. भिंत बुटकी असली की रिम आणि खड्ड्याची कड यांच्यामध्ये रबर चेंगरते, आतले दोरे तुटतात आणि बाजूला लिंबाएवढा फुगा येतो. पंक्चरवाल्या भाईंनी मला असे तीन टायर काढून दाखवले, तिन्ही रुंद अलॉयवाल्या गाड्यांचे. त्या फुग्यावर इलाज नाही. बाजूच्या भिंतीचे पंक्चरही काढू नये, कारण तो भाग चालताना सतत वाकत असतो. तरी लोक 'एवढं नागपूरपर्यंत जाऊ द्या' म्हणतात. भाई म्हणाले, "मी नाही म्हटलं की पुढच्या दुकानात जातात."

आता समृद्धी महामार्गाबद्दल. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला आणि जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा झाल्यावर संपूर्ण ७०१ किलोमीटर वाहते झाले. गाड्यांना ताशी १२० ची मुभा. रस्ता सरळ, सिमेंटचा, मध्ये सिग्नल नाही, बैल नाही, गाव नाही. सुरुवातीच्या काळात अपघात वाढले तेव्हा परिवहन विभागाने प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासून झिजलेल्या टायरच्या गाड्या परतही पाठवल्या होत्या.

चालकांमध्ये एक समज घट्ट आहे की 'सिमेंटचा रस्ता टायर फोडतो'. मी ज्यांना विचारले त्यातल्या निम्म्याहून अधिकांनी हेच पहिले सांगितले. आणि त्यावरचा उपाय म्हणून काय करतात? उन्हाळ्यात हवा कमी ठेवतात. ३३ च्या जागी २८. कारण, 'गरम झाल्यावर हवा फुगते, मग टायर फुटतो.'

हा समज ऐकायला इतका बरोबर वाटतो की मीही मान डोलावली होती. दुबईवाल्या चाचांनी तो उलगडून सांगितला, आणि नंतर टायरच्या दुकानातल्या जाणत्या माणसानेही तेच सांगितले. टायर गरम झाला की हवेचा दाब वाढतो हे खरे. साधारण दर पाच-सहा अंश तापमानाला एक पाउंड. सकाळी ३३ असेल तर दुपारी धावल्यावर ३७-३८ दिसेल. पण टायर बनवणाऱ्याने ही वाढ धरूनच तो बनवलेला असतो. गाडीच्या दारापाशी जो दाब लिहिलेला असतो तो थंड टायरचा, म्हणजे गाडी काही तास उभी असतानाचा.

टायर खरा तापतो तो वाकण्याने. त्याचा जो भाग जमिनीला टेकतो तो दबतो, पुढे गेला की सरळ होतो. एखादी तार हाताने पुन्हा पुन्हा वाकवली की वाकण्याच्या जागी गरम लागते, तसेच. मध्यम आकाराच्या गाडीचे चाक एका फेऱ्यात सुमारे दोन मीटर जाते. १२० च्या वेगाला मिनिटाला २००० मीटर अंतर कापले जाते. म्हणजे चाक मिनिटाला सुमारे हजार वेळा फिरते, आणि भिंतीचा प्रत्येक इंच मिनिटाला हजार वेळा वाकतो. हवा कमी असेल तर तो जास्त खोल वाकतो. वर वजन जास्त असेल तर आणखी खोल. गावातल्या चाळीसच्या वेगात हे चालून जाते, कारण उष्णता निघून जायला वेळ मिळतो. समृद्धीवर दोन-अडीच तास थांबायचेच नाही म्हटल्यावर ती आतच साठते, रबर आणि आतले दोरे सुटू लागतात, आणि मग फुटतो. कमी हवा ठेवून आपण ज्या गोष्टीला घाबरतो तीच घडवून आणतो. सिमेंटला बोल लावणे सोपे, कारण सिमेंट उलटून बोलत नाही.

वाटेत पेट्रोल पंपावर थांबून गरम टायरमधली हवा 'बरोबर ३३' करून घेणारेही भेटले. तो टायर रात्री थंड झाला की २८ वर उतरतो आणि दुसऱ्या दिवशी तसाच निघतो.

नायट्रोजनबद्दल सगळ्यांनी विचारले, म्हणून थोडक्यात सांगते. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. भरायचा तर भरा, दाब थोडा हळू उतरतो. पण नायट्रोजन भरला म्हणून तीन महिने दाब न तपासणाऱ्यापेक्षा साधी हवा भरून दर पंधरा दिवसांनी तपासणारा शहाणा.

टायर फुटल्याचा प्रत्यक्ष अनुभव मला दोघांनी सांगितला. त्यातले एक माझ्या शाळेतल्या सहकाऱ्याचे वडीलभाऊ. मेहकरच्या पुढे, दुपारी, मागचा डावा टायर गेला. ते म्हणाले, "आवाज गोळीसारखा झाला. बायको कलमा पढायला लागली. माझा पाय ब्रेकवर गेलाच होता, पण ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या उस्तादांचा आवाज आठवला, ब्रेक नको." त्यांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरले, ॲक्सिलरेटरवरून पाय हळूहळू उचलला, गाडी डोलत डोलत स्वतःच मंदावू दिली आणि डाव्या कडेला घेतली. टायर फुटल्यावर जोरात ब्रेक दाबला तर गाडी स्वतःभोवती फिरते, एवढे एक वाक्य घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला पाठ असावे. तो टायर सात वर्षांचा होता. नक्षी भरपूर शिल्लक होती, म्हणून त्यांना तो 'नवाच' वाटत होता.

इथे तारखेचा मुद्दा येतो. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते, तिच्या शेवटी लांबट गोल चौकटीत चार आकडे. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. काही वेळा ही तारीख टायरच्या एकाच बाजूला असते, नेमकी गाडीच्या आतल्या बाजूला, मग खाली वाकून पाहावे लागते. रबर उभ्या उभ्याही म्हातारे होते. ऊन आणि हवेने ते कडक होते, बाजूला बारीक भेगा पडतात. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावे आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असली तरी टायर ठेवूच नये, असा सल्ला मोठ्या कंपन्याही देतात. नक्षीची किमान खोली आपल्या कायद्यात १.६ मिलिमीटर आहे. चऱ्यांच्या तळाशी लहान उंचवटे असतात, टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की काम संपले.

चाचांनी सांगितले की दुबईत गाडीच्या वार्षिक तपासणीत टायरची तारीख पाहतात, आणि मुदत संपलेला टायर घेऊन रस्त्यावर सापडलात तर ५०० दिरहम दंड, परवान्यावर ४ काळे गुण, शिवाय गाडी आठवडाभर जप्त. "तिथं आम्ही घाबरून शिकलो," ते म्हणाले. कोकणातली, मराठवाड्यातली आपली किती माणसे आखातात चालक आहेत! ती तिथे शिस्तीने चालवतात आणि सुट्टीवर आल्यावर भावाच्या गुळगुळीत टायरच्या गाडीत निमूट बसतात.

प्रत्येक अपघातानंतर 'टायर फुटला' हे शब्द सर्वांत आधी ऐकू येतात. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ जण गेले, तेव्हाही चालकाने टायर फुटल्याचे सांगितले होते. नंतर परिवहन अधिकाऱ्यांच्या तपासणीत टायर फुटल्याची खूण मिळाली नाही. टायर हा सोयीचा गुन्हेगार आहे. कित्येकदा दोष झोपेचा, वेगाचा असतो. आणि ज्यांच्या गाडीत खरेच टायर फुटतो, तिथेही टायर आपोआप फुटत नाही. आधी कोणीतरी हवा तपासलेली नसते.

हे सगळे एका बैठकीत मी बोलत होते, तर आमचे एक वयस्क नातेवाईक म्हणाले, मौत का वक़्त मुक़र्रर है, टायर नवा असो की जुना. खोली शांत झाली. असे म्हटल्यावर पुढे काय बोलणार? चाचा तिथेच होते. ते आदबीने म्हणाले, "बेशक, भाईसाहब. माझी वेळ ठरलेली आहे. पण माझ्या मागच्या सीटवर लोकांच्या मुली-सुना बसतात. त्या माझ्याकडे अमानत आहेत. हवा तपासायला मला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं दिली नाहीत तर मी अल्लाहला काय सांगू, की तूच ठरवलं होतंस?" उंट बांधून मग तवक्कुल करावा ही शिकवण आपण मुलांना पाठ करून देतो. उंटाच्या जागी चार चाके आली, एवढाच फरक.

आणखी दोन गोष्टी, ज्या मला ठाऊक नव्हत्या. दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर बहुतेक जण ते पुढे लावतात, कारण स्टिअरिंग पुढे. खरे तर नवे मागे लावावेत, कारण ओल्या रस्त्यावर मागची चाके सुटली तर गाडी गरकन फिरते आणि ती सावरणे साध्या चालकाच्या हातात राहत नाही. दुसरी गोष्ट स्टेपनीची. हा शब्द वेल्समधल्या लानेली गावातल्या स्टेपनी नावाच्या रस्त्यावरून आला. तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका कारखान्यात जादा चाके बनत होती. विलायतेत तो शब्द विस्मरणात गेला, आपल्याकडे प्रत्येक गॅरेजात जिवंत आहे.

टायरही काही परके राहिलेले नाहीत. वाळूजला गुडइयरचा कारखाना आहे, नाशिकला सीएटचा, गोव्यात उसगावला एमआरएफचा. कित्येक घरांतले पगार त्या रबरातून येतात.

भाच्याचे पुढे काय झाले? दोन महिने तो माझ्याशी नीट बोलला नाही. मग पावसाळ्याआधी एक दिवस आला. "खाला, बदलले." अलॉय ठेवले होते, टायर मात्र ८८ क्रमांकाचे, एक्सएल, आणि हवेचा दाब त्या टायरच्या तक्त्याप्रमाणे. जुने चार विकताना निम्मेही पैसे आले नाहीत. त्याने स्वतःच वाकून मला तारीख दाखवली आणि म्हणाला, आता तुमच्या गाडीची बघू.

आमची गाडी छोटी, शाळेत आणि बाजारात जाणारी. चारही टायर ठीक निघाले. मग त्याने डिकीतली चटई उचलली, खाली शाळेच्या जुन्या वह्यांचा गठ्ठा होता, तो बाजूला केला आणि स्टेपनी बाहेर ओढली. कधीच न वापरलेली, नवीकोरी, रबराचे बारीक केसही तसेच. चौकटीत आकडे होते ०८१३.